निरंक वहीचा पाडाव

श्रीजलदेवता प्रसन्न.

सकळ नळधारी, पाणीभरते, आणि ज्यांचे घरचा एकही नळ गळत नाही ऐसे कोणी भाग्यवंत असतीलच तर तेही, या सर्वांस विदित व्हावे, की धाकटीबाईसाहेब यांनी परमुलखी जाऊन, पान्हा हाती धरून, दोन वर्षे मोहीम चालवून प्लंबरकीची सनद कैशी पैदा केली, त्याची हकीकत येथे लिहिली आहे. बखरकारांचा रिवाज ऐसा, की आपले पक्षाचा मोड जाहला तर ‘त्या दिवशी पाऊस फार होता’ म्हणोन लिहावे आणि पुढले पान घ्यावे. आम्हीही आजवर तेच करीत आलो. परंतु या मोहिमेत ती सोय राहिली नाही, आणि का राहिली नाही तेच या बखरीचे सार आहे.

धाकटीबाई म्हणजे घराण्यातील धाकटी कन्या. इंजिनिअरिंगची पदवी रीतसर संपादिली होती आणि एका थंडगार कचेरीत तक्ते भरण्याची मनसब मिळाली होती, म्हणजे एक तक्ता भरावा, तो दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने परत पाठवावा, आणि मग तोच तक्ता पुन्हा भरावा. ऐसे तीन वर्षे चालले आणि बाईंचे चित्त विटले. इतक्यात परदेशी शिक्षणाचा एक दलाल भेटला. त्याने टेबलावर कागद पसरला आणि मसलत सांगितली, की आठवड्यास चार दिवस एका कारागिराचे हाताखाली काम, पाचवे दिवशी विद्यालयात पाठ, दोन वर्षांनी परीक्षा, परीक्षेअंती सनद, आणि सनद असेल तर पुढे तेथेच राहून धंदा करण्याचा परवाना. सनद नसेल तर काय, ते दलालाने बारीक अक्षरांत छापिले होते आणि त्यावर चहाची बशी ठेविली होती.

घरी दरबार भरला. आत्यासाहेबांनी ठराव मांडला, की शिकली सवरली आणि आता लोकांच्या मोऱ्या उपसायला निघाली, यापरते घराण्यास काय पाहणे राहिले. दुसरे दिवसापासून नातेवाइकांत ‘पाण्याच्या नियोजनाचा कोर्स आहे’ ऐसी खबर फिरो लागली, आणि ती मातोश्रींचेच मुदपाकखान्यातून निघाली याविषयी शंका नाही. धाकटीबाईंनी दोन बॅगा भरिल्या, वजनासाठी तीन वेळा रित्या केल्या, आणि कूच केले.

परमुलखी ज्या कारागिराचे पदरी नेमणूक जाहली, त्यांस या बखरीत उस्ताद म्हटले आहे. वय साठीचे घरात, मिशा पांढऱ्या, गुडघ्यांवर चामड्याचे ठिगळ, आणि भाषा म्हणाल तर एक अक्षर, ‘हं’. काम बरे जाहले तर ‘हं’, बिघडले तर ‘हं’, जेवणाची वेळ जाहली तरी ‘हं’. विद्यालयात या ‘हं’चा पाठ नव्हता, सबब तो बाईंस स्वबळे शिकावा लागला. शिवाय पहिले वर्षी बाई निव्वळ बारगीर, म्हणजे घोडा सरकारचा आणि मांडी आपली, तैसे पान्हे उस्तादांचे आणि मनगट बाईंचे. शिलेदार व्हावे, स्वतःची पान्ह्यांची पेटी असावी, ही आस तेव्हापासून लागली.

फौज दोघांची आणि गाडी एक. सकाळी सातास कूच, आणि मग ज्या घरी गळतीने बंड केले असेल त्या घरचे सिंकाखाली धाकटीबाईंनी पाठीवर निजून शिरावे, आणि वरून उस्तादांनी एकेक हत्यार द्यावे. पहिल्यांदा जो सांधा त्यांनी एकटीने जोडिला, त्यापुढे त्या टॉर्च लावून पाव घटका बसून राहिल्या, की आता थेंब येईल, मग येईल. थेंब आला नाही. तेव्हा बाईंस जो आनंद जाहला, तो तीन वर्षांच्या तक्त्यांत एकदाही जाहला नव्हता. हे काम आपणास हवे, हे सुटले तर आपण कशाच्याच राहणार नाही, ऐसे त्यांचे मनाने त्या सिंकाखालीच घेतले.

आता वहीचा मजकूर. विद्यालयाचा कायदा ऐसा, की प्रत्येक उमेदवाराने कामाची वही ठेवावी, रोजचे पान भरावे, पानावर तीन रकाने. पहिला, काय काम केले. दुसरा, काय बिघडले. तिसरा, बिघडले ते कैसे निस्तरले. खाली उस्तादांची सही. कायदा सोपा होता, आणि ज्यांची शाळा आपल्याकडे जाहली नाही ऐशांस तो कळलाही असता. परंतु धाकटीबाई आपल्या मुलखातल्या जर्नलांवर वाढलेल्या. आपल्याकडची रीत सर्वांस ठाऊक आहे, की प्रयोगात काहीही येवो, जर्नलात पुस्तकातले उत्तर यावे, खाडाखोड नसावी, मथळ्याखाली पट्टीने रेघ असावी, वर तपकिरी कागदाचे कव्हर असावे, आणि कच्चे कागद टोपलीत जावे. या विद्येत बाई पहिल्या नंबराच्या. त्यांनी वहीस कव्हर घातले, एकाच निळ्या पेनाने पावणेचारशे पाने मोत्यांसारखी लिहिली, पहिला रकाना ‘उस्तादांचे मार्गदर्शनाखाली’ या शब्दांनी सुरू केला, तिसऱ्यात आडवी रेघ मारली, आणि दुसऱ्या रकान्यात, ‘काय बिघडले’ या प्रश्नापुढे, पावणेचारशे वेळा एकच शब्द लिहिला, निरंक. उस्तादांनी न वाचता ‘हं’ म्हटले आणि सह्या केल्या.

दोन वर्षे सरली. शिक्षणापुरता राहण्याचा जो परवाना होता त्याची मुदत महिनाअखेर संपत होती, परीक्षा त्याआधी उरकून सनद हाती येणे जरूर होते, नाहीतर बॅगा भरणे आणि त्याच थंडगार कचेरीचे दार वाजविणे. ऐशा समयी धाकटीबाई परीक्षकबाईंचे दरबारी रुजू जाहल्या. परीक्षकबाई म्हणजे बारीक अंगाच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि स्वतः पंचवीस वर्षे पाईप कापिलेल्या, सबब डाव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे. त्यांनी वही घेतली, दहा पाने पाहिली, मग शंभरावे पाहिले, मग शेवटचे पाहिले, आणि वही मिटून मेजावर ठेविली.

“दोन वर्षांत तुमची एकही चूक झाली नाही?”

धाकटीबाईंनी नम्रतेने कबूल केले, की नाही जाहली, सर्व उस्तादांची कृपा.

तेव्हा हुकूम जाहला तो येणेप्रमाणे. जी दोन वर्षे चुकली नाही तिने दोन वर्षे काम केले नाही. वहीत प्रत्येक ठिकाणी उस्तादांचे मार्गदर्शन लिहिले आहे, तर सनद उस्तादांस द्यावी की काय, ती तर त्यांस तीस वर्षांपूर्वीच मिळाली. एक शाई, एक हात, एक उतारा, हे लिखाण बसून एकदम केलेले दिसते. ही वही नामंजूर. आठ दिवसांचे आत खरा मजकूर साक्षीदारांचे सहीनिशी आणावा, न आणील तर परीक्षेस बसता येणार नाही. ऐसा हुकूम, आणि खाली त्या काळ्या नखाचे हातची सही.

धाकटीबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. आयुष्यात प्रथमच सुवाच्य अक्षराने घात केला होता. त्यांनी घरी फोन लाविला आणि खलबत भरले. आत्यासाहेबांनी तीन तोडगे पाठोपाठ दिले, की त्या बाईंच्या पाया पड, नाहीतर आजारी होते म्हणून सांग, नाहीतर त्यांचा कोणी ओळखीचा साहेब शोध. मग मातोश्रींनी विचारले, “सकाळपासून काही खाल्लंस का?” बाईंनी खाल्ले म्हणून सांगितले, जे खोटे होते, आणि फोन ठेविला.

उस्तादांस वर्तमान कळले. त्यांनी वही हाती घेतली, दोन वर्षांत प्रथमच वाचली, निरंक, निरंक, निरंक, ऐसी सात पाने गेली आणि त्यांच्या मिशा थरथरो लागल्या. धाकटीबाईंस वाटले, म्हातारा रडतो. म्हातारा हसत होता. हसून जाहल्यावर डोळे पुसून त्यांनी त्या वर्षातले सर्वांत लांब भाषण केले.

“गाडीत बस.”

मग जी स्वारी निघाली तैशी कोणत्याही बखरीत निघाली नसेल. राजे लोक फत्ते जाहलेल्या मैदानी मिरवतात, आणि येथे उस्ताद धाकटीबाईंस, त्या जेथे जेथे सपशेल आपटल्या होत्या, तेथे तेथे घेऊन चालले, आणि संगती नवी कोरी वही, कव्हर न घातलेली.

पहिला मुक्काम एका आजीबाईंचे घरी, तिसरे मजल्यावर. येथे धाकटीबाईंनी थंड पाण्याची नळी सोडून गरम पाण्याची नळी फ्लशच्या टाकीस जोडिली होती, आणि पंधरा दिवस आजीबाईंच्या संडासातून वाफ निघत होती. बाईंनी खाली मान घालून चूक सांगितली आणि साक्ष मागितली. आजीबाई म्हणाल्या, “अगं, थंडीचे दिवस होते, फार बरं वाटायचं. तुम्ही दुरुस्त केलंत तेव्हाच मला वाईट वाटलं.” उस्तादांनी समजाविले, की आजी, तक्रार लिहा, तारीफ नको. आजीबाईंनी मोठ्या नाखुशीने ‘चूक झाली होती’ ऐसे लिहिले आणि कंसात ‘परंतु मला चालली असती’ म्हणोन जोडिले.

दुसरा मुक्काम केशकर्तनालयी. तेथील बेसिन बदलताना मेन व्हॉल्व्ह बंद करणे होते, तळघरात एका ओळीत नऊ चाव्या, आणि बाईंनी जी फिरविली ती केशकर्तनालयाची नव्हती, वरच्या मजल्यावरील गृहस्थांची होती. गृहस्थ त्या समयी डोक्यास साबण लावून उभे होते. ते पंचा नेसून, डोळे मिटून, भिंत चाचपीत खाली आले, आणि खाली बेसिन सोडिले होते तरी त्याचे पाणी चालूच असल्याने सगळी फरशी भिजली होती, त्यावर ते घसरले. शेवटी न्हाव्याने बादलीभर पाण्याने त्यांचे डोके धुतले. न्हाव्याने आनंदाने सही केली, आणि वरून गृहस्थांसही बोलाविले, त्यांनी धाकटीबाईंस पाहताच सांगितले, की होय, हीच ती, आणि तेव्हापासून केस येथेच कापतो. मग बाईंनी त्यांस तळघरात नेले आणि दाखविले, की त्याच दिवशी नऊही चाव्यांस चिठ्ठ्या बांधिल्या, कोणती कोणाची, त्या अजून आहेत. तिसऱ्या रकान्यात हे लिहिले गेले.

तिसरा मुक्काम खानावळीत, आणि येथे धाकटीबाई गाडीतून लवकर उतरेनात. या खानावळीचे नवे सांडपाण्याचे पाईप त्यांनी टाकिले होते, आणि उतार मोजण्याची लेव्हल उलट्या टोकाने वाचिली, म्हणोन उतार जिकडे हवा त्याच्या उलट पडला. वर फरशी बसली, आणि पहिले दिवशी भांडी घासताच एका सिंकातले पाणी दुसऱ्या सिंकातून वर आले. फरशी पुन्हा फोडिली, तीन दिवस खानावळ बंद राहिली. खानावळीचा मालक उस्तादांस पाहताच उसळला, की तीन दिवस, तीन दिवस माझी चूल बंद होती, आणि तीस वर्षांचा कारागीर म्हणवता, तुम्हाला उतार कळत नाही, मी चार ठिकाणी सांगितलंय की यांना बोलावू नका.

धाकटीबाईंस हे आज कळले, की त्या दिवशी उस्तादांनी मालकापुढे चूक आपली म्हणोन सांगितली होती, आणि तेव्हापासून त्या शिव्या एकट्याने खाल्ल्या होत्या, आणि बाईंस त्यातले अक्षर बोलिले नव्हते. आणि त्या दिवसाचे पानावर बाईंनी काय लिहिले होते, तर ‘उस्तादांचे मार्गदर्शनाखाली पाईप टाकिले’. सुंदर अक्षरात. पट्टीने रेघ ओढून. त्यांस इतकी लाज वाटली, की सिंकाखाली शिरावे आणि बाहेर येऊ नये.

“त्यांची नव्हती चूक,” त्या म्हणाल्या. “लेव्हल मी उलटी धरली होती. तुम्ही त्यांना उगाच बोलताय.”

मालकाने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले. उस्ताद छताकडे पाहत होते. मग मालकाने राहिलेला राग धाकटीबाईंवर काढिला, चांगला दहा मिनिटे, आणि बाईंनी तो उभ्याने ऐकिला, मध्ये एकदाही ‘पण’ म्हटले नाही. शेवटी त्यांनी इतकेच सांगितले, की तेव्हापासून फरशी बसण्याआधी बादलीभर पाणी सोडून पाहते, त्यावाचून एकही पाईप झाकला नाही. मालकाने वही ओढिली आणि ऐसी दाबून सही केली की कागद फाटला.

येणेप्रमाणे आठ दिवसांत चौदा चुका जमा जाहल्या, फुटलेले बेसिन, राहिलेले वॉशर, दुसऱ्याचे घरात पाडिलेले भोक, सर्व साक्षीदारांसह. वहीस डाग पडिले, एका पानावर ग्रीसचा अंगठा, शाई चार रंगांची. ऐसी गबाळी वही त्या आपल्या कॉलेजात देत्या तर फेकून मारिली असती.

परीक्षकबाईंनी ती वही पाऊण तास वाचिली. फ्लशपाशी त्या थांबल्या आणि चष्मा पुसला. आणि प्रत्येक चुकीवर एकच प्रश्न, “मग काय केलंत?” धाकटीबाईंनी चौदाही वेळा सांगितले, आणि बाराव्या वेळेपासून त्यांचा आवाज कापेनासा जाहला. वही मंजूर जाहली, आणि दुसरे दिवशी सकाळी हातकामाच्या परीक्षेचा हुकूम मिळाला.

हातकाम ऐसे, की एका लाकडी भिंतीवर चार तासांत गरम थंड पाण्याच्या दोन्ही नळ्या टाकाव्या, बेसिन बसवावे, आणि मग पाण्याचा दाब देऊन दहा मिनिटे दाबमापकाचा काटा पाहावा, काटा हलला तर सनद गेली. धाकटीबाई पहिले तीन तास खाशा लढल्या. चौथ्यात शेवटचा पाईप कापिला, लाविला, आणि तो बोटभर आखूड. परीक्षकबाई त्या समयी पाठ करून दुसरे उमेदवारापाशी उभ्या होत्या. ओढून बसविला असता तर सांधा टिकला असता, निदान दहा मिनिटे टिकला असता, आणि बेसिन लागल्यावर मागले कोणास दिसते. घड्याळात सतरा मिनिटे उरली होती, परवान्याचे नऊ दिवस. धाकटीबाईंचे हात क्षणभर तो पाईप ओढू लागले, ही गोष्ट आम्हांस लिहिणे प्राप्त आहे.

मग त्यांनी हात काढिले. “बाई, पाईप आखूड कापला मी.”

परीक्षकबाई वळल्या. “मग काय करणार?”

“नवीन कापते.”

“वेळ पुरेल?”

“माहीत नाही.”

नवा पाईप मापिला, पुन्हा मापिला, कापिला, बसविला, आणि बेसिनाचा शेवटचा नट आवळला तेव्हा दोन मिनिटे उरली होती. पाण्याचा दाब दिला. काटा चढला आणि थांबला. दहा मिनिटांपर्यंत त्या दालनात धाकटीबाईंइतके निश्चल दुसरे काही होते तर तो काटाच. परीक्षकबाईंनी वही मागविली, पंधरावी चूक बाईंचे हातून लिहवून घेतली, आणि त्याच पानावर उत्तीर्ण म्हणोन शिक्का मारिला.

सनद आली तो दिवस उस्तादांनी साजरा केला तो ऐसा, की सोमवारची तीन कामे बाईंस एकटीने नेमून दिली आणि एक लोखंडी पेटी त्यांचे पुढ्यात सरकविली. पेटीत नवे पान्हे होते. धाकटीबाई शिलेदार जाहल्या, आणि गाडीत बसून रडल्या, आणि उस्तादांनी खिडकीबाहेर पाहून गाडी हळू चालविली.

घरी वर्तमान गेले. आत्यासाहेबांनी गणगोतात जाहीर केले, की आमची धाकटी जलशास्त्रात परदेशात पहिली आली. मातोश्रींनी मात्र दोन दिवसांनी, आत्यासाहेब शेजारच्या खोलीत आहेत ऐसे पाहून, हळू आवाजात फोन केला, की आपला स्वयंपाकघरातला नळ चार महिने गळतोय, प्लंबर आज येतो उद्या येतो करतो, तू सांग, मी करते. धाकटीबाईंनी फोनमधून पाहून सांगितले, आधी मेन चावी बंद कर. मातोश्रींनी कट्ट्याखाली वाकून चावी फिरविली, पान्ह्याने नळ सोडिला, आणि पाण्याची जी धार उसळली ती छतास लागून दारात चौकशीस आलेल्या आत्यासाहेबांवर पडली.

“अगंबाई, चुकलं माझं,” मातोश्री धारेतून ओरडल्या. “आता काय करू?”

“तू सांग,” धाकटीबाई म्हणाल्या. “काय करशील?”

मातोश्रींनी क्षणभर भिजत विचार केला. मग वाकल्या, दुसरी चावी शोधिली, फिरविली, आणि पाणी थांबले. फोनच्या दोन्ही टोकांस मायलेकी इतक्या हसल्या की बोलवेना, आणि आत्यासाहेब पदर पिळीत उभ्या राहिल्या. वॉशर बदलला, नळ बसला, आणि तेव्हापासून तो गळत नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख दोन सर जाहले, एक परमुलखीची सनद आणि दुसरे मातोश्रींचे स्वयंपाकघर, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या पक्षाचे हाल जाहले ते जाहले तैसे लिहिले, पाऊस नव्हता. फोन ठेवण्यापूर्वी मातोश्रींनी ताकीद दिली होती, की हे तुझ्या त्या वहीत लिहू नकोस हं. आज्ञा शिरसावंद्य. वहीत लिहिले नाही, येथे लिहिले.